बंदर येईल तेव्हा येईल, मुलाचं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालघर, बोईसर, सफाळे, डहाणूकडचे पालक माझ्याकडे करिअरचा सल्ला मागायला एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, आता वाढवण बंदर येतंय, तर स्कोप कशाला आहे?" हाच प्रश्न काही जण एआयचं नाव घेऊन विचारतात. त्याआधी तो बुलेट ट्रेनचं नाव घेऊन विचारला जायचा. मुलगा किंवा मुलगी शेजारी बसलेली असते, मोबाइल मांडीवर उलटा ठेवून. बोलतात आई-वडील. मी मुलाला काही विचारलं की उत्तर वडील देतात, आणि मुलाला त्याची इतकी सवय झालेली असते की तो उत्तर सुरू होण्याआधीच वडिलांकडे बघतो.

सगळ्या वाटांची यादी मी इथे देणार नाही. ती हवी तितकी मिळते. मला या ‘स्कोप’वरच बोलायचं आहे, कारण या भागातली कितीतरी मुलं दुसऱ्याच कुणाच्या घोषणेच्या भरवशावर स्वतःची सहा-सात वर्षं लावून टाकतात.

आधी बंदराचा इतिहास बघा. डहाणू तालुक्यातल्या वाढवणचा प्रस्ताव नव्वदच्या दशकातला आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तो फेटाळला. पुढे तो पुन्हा आला, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. नकारापासून पायाभरणीपर्यंत २६ वर्षं गेली. १९९८ साली दहावीला असलेला मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. बुलेट ट्रेनचंही तेच. सप्टेंबर २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा १५ ऑगस्ट २०२२ ही तारीख सांगितली गेली होती. बोईसर हे त्या मार्गावरचं एक स्थानक. तेव्हा आठवीत असलेली मुलं आज पदवीधर झाली, गाडी अजून धावायची आहे.

बंदर होऊ नये किंवा व्हावं, हा माझा विषय नाही. ज्यांची जाळी आणि वाड्या तिथे आहेत त्यांना त्यावर बोलायचा पहिला हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्रकल्पाचं वेळापत्रक आणि तुमच्या मुलाचं वेळापत्रक जुळेलच असं नाही. ते जुळवून देण्याची जबाबदारी कुणी घेतलेलीही नाही. सरकारी कागदात सुमारे १२ लाख रोजगारांची शक्यता लिहिली आहे, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष धरून. तो आकडा खरा ठरला तरी त्यातली मोठी संख्या इलेक्ट्रिशियन, फिटर, क्रेन ऑपरेटर, ड्रायव्हर, हिशेबनीस, कस्टमची कागदपत्रं करणारे, गोदाम सांभाळणारे अशांची असणार. यातल्या कुठल्याही कामाला गाळा भाड्याने घेऊन चालवलेल्या ‘पोर्ट मॅनेजमेंट डिप्लोमा’ची गरज नाही. असे क्लास आता दिसू लागले आहेत. फी भरण्याआधी विचारा: मान्यता कुणाची? एआयसीटीई, एमएसबीटीई, विद्यापीठ की नौवहन महासंचालनालय? जहाजावरच्या नोकरीचा कोर्स असेल तर संस्थेचं नाव नौवहन महासंचालनालयाच्या मंजूर यादीत स्वतः शोधा. त्यांनी दाखवलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. कौशल्य प्रशिक्षणाचा कार्यक्रम खुद्द बंदर उभारणाऱ्या जेएनपीएनेही हाती घेतला आहे, त्याची चौकशी करायला पैसे लागत नाहीत. क्लासचं नाव मंजूर यादीत सापडलं नाही तर उठून या. "सीट भरत आल्यात" असं म्हणणाऱ्याकडे तर थांबूच नका.

मग बघायचं कशाकडे? मुलाकडे. त्याने स्वतःकडे, आणि तुम्ही त्याच्याकडे.

हे ऐकून पालक मान डोलावतात आणि म्हणतात, "आम्ही विचारलं, त्याला काही सांगताच येत नाही." बरोबर आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला "तुझी आवड काय" असं विचारलं की तो क्रिकेट म्हणेल, नाहीतर गप्प बसेल. म्हणून मी तो प्रश्न विचारत नाही. मी त्याला शंभर पानी वही घ्यायला सांगतो आणि तीन गोष्टी लिहायला लावतो. गेल्या दोन वर्षांत कुणीही न सांगता तू काय काय केलंस. काय सुरू करून सोडून दिलंस, आणि सोडताना नेमकं काय नकोसं झालं होतं. आणि कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही. एकच अट, विशेषणं लिहायची नाहीत. "मला मशिनची खूप आवड आहे" हे वाक्य खोडायचं. कुठल्या दिवशी, कुठलं काम, कुणाबरोबर, किती वेळ, शेवटी काय झालं, एवढंच लिहायचं. दोन-तीन आठवडे रोज थोडं. वही घरच्यांनी वाचायची नाही, मुलगा दाखवेल ती पानं सोडून.

खैरापाड्याच्या एका मुलाची वही सांगतो. दहावीला ६८ टक्के. वडील तारापूर एमआयडीसीत केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागले, आता रिअॅक्टरवर काम करतात, पण अजून ठेकेदाराकडेच. वडिलांचा आग्रह कॉम्प्युटर डिप्लोमाचा, तोही लांबच्या खासगी कॉलेजात, कर्ज काढून. मुलाने दाखवलेल्या पानावर हे होतं: "रविवार. मामाच्या वाडीत पंप पाणी उचलत नव्हता. मामा म्हणाला मोटर गेली. मोटर फिरत होती. फूट व्हॉल्व्ह काढला. पाला अडकून झडप उघडी राहिली होती. साफ केला, पाइपात पाणी भरलं, चालू केला. दोन वाजले. जेवलो नव्हतो." आणि चार पानं पुढे: "कॉम्प्युटर क्लास. पाचव्या दिवसापासून गेलो नाही. घरी सांगितलं पाठ दुखते. खरं म्हणजे आत काय चाललंय त्याचा आवाज येत नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्याच्या वडिलांना दोनदा वाचून दाखवलं. हा मुलगा बिघाड कानाने शोधतो. मामा मोटर रिवाइंडिंगला न्यायला निघाला होता. या मुलाने आधी ती फिरते का ते पाहिलं आणि मग एकेक शक्यता काढून टाकत खालच्या झडपेपर्यंत गेला. कारखान्यात मेंटेनन्सचा चांगला माणूस हेच करतो. याला खुर्चीत बसवून कोड लिहायला लावलं तर तो नापास होईलच असं नाही. रेटत रेटत पास होईल, आणि मग बाविसाव्या वर्षी "मला जमत नाही" म्हणून घरी बसेल. अशी घरी बसलेली मुलंही माझ्याकडे येतात, तेव्हा कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

वहीतून आवडीपेक्षाही महत्त्वाचं काही दिसतं. मुलगा कुठला त्रास सोसायला तयार आहे, ते दिसतं. प्रत्येक कामाचा आपापला त्रास असतो. प्लांटमध्ये वास, उकाडा आणि रात्रपाळी. ऑफिसात आठ-दहा तास स्क्रीन. नर्सिंगमध्ये उभं राहणं आणि लोकांचं दुःख. मुंबईत नोकरी म्हणजे पहाटेची गाडी आणि विरारची गर्दी. आवड बदलते. उपाशीपोटी दुपारी दोनपर्यंत पंपाशी बसणं ज्याला खुपलं नाही, त्याचा तो स्वभाव सहसा टिकतो.

आता पालकांबद्दल, आणि हे जरा कडक बोलणार आहे. मुलाची वही झाली की मी दुसरी वही वडिलांना किंवा आईला देतो. बहुतेकांना ते आवडत नाही. "प्रवेश त्याचा आहे, मी काय लिहू?" तुम्ही हे लिहा: मुलाने अमुकच करावं असं मला वाटतं, कारण... आणि ‘कारण’च्या पुढे खरं लिहा. खैरापाड्याच्या वडिलांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि एकच ओळ लिहिली, की पोरगं माझ्यासारखं ठेकेदाराच्या हाताखाली राहू नये. ही भीती शंभर टक्के खरी आहे. बोईसरमध्ये परमनंट आणि ठेकेदारी यांच्यामध्ये केवढं अंतर आहे, हे तिथे राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. एकाच शेडखाली, एकाच वासात काम करणाऱ्या दोघांचे पगार, सुट्ट्या, दवाखाना, सगळं वेगळं. पण या भीतीचं उत्तर कॉम्प्युटर आहे, हे कुणी ठरवलं? मी त्यांना विचारलं, कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसापेक्षा तुम्हाला काम कमी येतं का? म्हणाले, मुळीच नाही. मग त्याच्याकडे काय आहे? कागद. ते स्वतःच म्हणाले. हेल्पर म्हणून आत शिरलेल्या माणसाला वीस वर्षं काम येतं, पण त्याचा दाखला कुणी देत नाही. मुलाला त्या कामापासून पळवून न्यायची गरज नव्हती. त्याच्या हातातल्या कामाला कागदाची जोड द्यायची होती.

सगळ्यांच्या भीतीला इतकं सरळ उत्तर नसतं. कुणी लिहितं, माझ्या भावाचा मुलगा पुण्याला आयटीत आहे. कुणी लिहितं, मला डॉक्टर व्हायचं होतं. एका आईने लिहिलं, सोसायटीत काय सांगू. ही कारणं कागदावर उतरली की त्यांचा मुलाशी किती संबंध आहे, ते लिहिणाऱ्यालाच दिसतं. मला बोलावं लागत नाही. पण जे पालक वही घ्यायलाच तयार नसतात आणि मॅनेजमेंट कोट्यासाठी जमिनीचा तुकडा काढायला निघालेले असतात, त्यांना मी तोंडावर सांगतो: तुम्ही मुलाचं भवितव्य घडवत नाही आहात, तुम्ही त्याच्या डोक्यावर असं ओझं ठेवताय की उद्या चुकलं तर त्याला "चुकलं" म्हणताही येणार नाही. ज्याच्या शिक्षणासाठी वाडी विकली तो मुलगा कॉलेज नकोसं झालं तरी घरी सांगत नाही. तो खोलीत बसून राहतो. फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतो. या शांततेची मला नापास होण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

नीटच्या दुसऱ्या, तिसऱ्या ड्रॉपबद्दलही तेच. पहिला ड्रॉप समजू शकतो. दुसरा घेण्याआधी वही उघडा आणि गेल्या वर्षात अभ्यासाची पद्धत नेमकी काय बदलली ते लिहा. काहीच बदललं नसेल तर पुढच्या वर्षी निकाल का बदलेल?

स्वतःकडे असं बघणं म्हणजे शहरी, रिकामटेकड्या लोकांचं काम, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी बोईसरहून गाडीत बसून तिसऱ्या स्टेशनावर, घोलवडला उतरावं आणि कोसबाडच्या टेकडीवर जाऊन यावं. तिथे बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आधी राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल होत्या. इंग्रजी अमदानीत एका भारतीय बाईला मिळालेलं हे मोठं पद. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाच्या कामात गेल्या. त्या काळातल्या कुठल्याही नातेवाइकाने याला वेडेपणाच म्हटलं असतं. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं होतं. तिथून शिकून त्या शिक्षिका झाल्या, आणि पुण्यातली शाळेची नोकरी सोडून इकडे आल्या. पदवी त्यांनी पन्नाशीनंतर घेतली.

पण मला या दोघींबद्दल विशेष वाटतं ते वेगळंच. बोर्डीतून काम कोसबाडला, वारली पाड्यांमध्ये गेलं, तेव्हा बालवाडीत मुलं येईनात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळायची, मुलगे गुरं राखायला जायचे. अशा वेळी "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी आपल्या योजनेकडे पाहिलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिला नाव दिलं कुरणशाळा. १९७५ पासून देशभर उभ्या राहिलेल्या सरकारी अंगणवाड्यांनी ते नाव इथून घेतलं. घातलेला बेत फसतोय हे वेळेवर ओळखणं आणि तो आपल्याच हाताने मोडून नवा करणं, हे जमायला प्रामाणिकपणा लागतो. करिअरच्या आखणीत मला हेच कौशल्य सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही.

आता माझी आवडती वाट. ही मी सांगितल्याशिवाय या भागात कुणी विचारत नाही, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. तारापूर एमआयडीसी रसायनं, औषधं, कापड आणि स्टील यांची. पन्नास वर्षांपासून इथे भट्ट्या आणि रिअॅक्टर चालू आहेत. आयटीआयमध्ये केमिकल प्लांटसाठी वेगळे ट्रेड आहेत: अटेंडंट ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मेंटेनन्स मेकॅनिक, लॅबोरेटरी असिस्टंट. प्रत्येकी दोन वर्षांचे, दहावीनंतर. पालकांना फिटर आणि इलेक्ट्रिशियन माहीत असतात, हे चार माहीत नसतात. अटेंडंट ऑपरेटर डिस्टिलेशन, फिल्टर, ड्रायर, हीट एक्स्चेंजर चालवायला शिकतो. इन्स्ट्रुमेंटवाला प्रेशर ट्रान्समीटर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह कॅलिब्रेट करायला शिकतो. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्याचं विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे तोच कागद.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मधल्या काळात हातात कमाई असते. शेजारीच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, पुढच्या दोन ५४० मेगावॅटच्या, २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या. तिथे केंद्र चालवणारी एनपीसीआयएल ही कंपनी स्टायपेंडियरी ट्रेनी घेते, बारावी विज्ञान झालेले आणि दहावीनंतर आयटीआय केलेलेही. स्पर्धा देशभरातून असते, जागा दरवर्षी निघत नाहीत. म्हणून त्यावरच डोळे लावून बसू नका, पण जाहिरात आली तर अर्ज करायला पात्र असा.

"केमिकलमध्ये जीवाला धोका," असं आया म्हणतात. खोटं नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी एमआयडीसीतल्या कारखान्यात झालेला स्फोट बोईसरच्या घराघरांनी ऐकला आहे, आणि अशा घटना आधीही झाल्या, नंतरही. मी उलट विचारतो: रिअॅक्टरचं तापमान हाताबाहेर जायला लागलं तर आधी काय बंद करायचं, हे ज्याला शिकवलेलं आहे त्याला जास्त धोका, की ज्याला फक्त पिंप उचलायला लावलेलं आहे त्याला? मुलाला प्लांटमध्ये पाठवणार असाल तर शिकवून पाठवा. कंपनीत गेल्यावर सुरक्षा समिती कोण, रसायनाची माहितीपत्रकं कुठे लावली आहेत, श्वसनाचा मास्क कुठला मिळतो, हे विचारायला लाजू नको म्हणावं. आणि मुलींसाठीही हे ट्रेड खुले आहेत. क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये मुली काम करतातच, मग तुमच्या मुलीला नको असं का ठरवता, हेही त्या वहीत लिहा.

बाकीच्या वाटा ओळखीच्या आहेत, थोडक्यात सांगतो. हिशेबात गोडी असेल तर कॉमर्सला कमी लेखू नका. एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्याला जीएसटी, पीएफ आणि पगारपत्रक सांभाळणारा माणूस लागतो. बीएस्सी केमिस्ट्री उत्तम, पण प्रयोगशाळेत खरोखर हात घातला तर. स्पर्धा परीक्षा द्यायची तर किती वर्षं द्यायची, ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि घरच्यांची त्याखाली सही घ्या.

खैरापाड्याच्या मुलाने इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक घेतलं. वडील खूश होते असं नाही, पण त्यांनी फॉर्मवर सही केली. वही मी बंद करू दिली नाही. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीत आणि परीक्षा संपल्यावर, तो तेच तीन प्रश्न पुन्हा लिहितो. शिकाऊ उमेदवारीच्या काळात त्याने लिहिलं की रात्रपाळीनंतर त्याला दिवसा झोप लागत नाही, आठवडाभर चिडचिड होते. हे मोलाचं होतं, कारण तोपर्यंत पुढची वीस वर्षं शिफ्टमध्ये काढायची असंच तो धरून चालला होता. आता तो इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे शक्यतो दिवसपाळीच्या कामाकडे वळायचं म्हणतो. तेही कदाचित बदलेल.

यंदा माझ्याकडे येणार असाल तर निकालाच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. दोन-तीन आठवडे आधी वह्या घ्या, दोन, एक मुलाची आणि एक तुमची. अकरावी, पॉलिटेक्निक आणि आयटीआय या तिन्हींचे अर्ज ऑनलाइन आणि वेगवेगळ्या पोर्टलवर असतात, मुदती वेगळ्या असतात, तेव्हा तिन्ही भरून ठेवा. उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला एप्रिलमध्येच काढा, जूनमध्ये रांग लागते. आणि येताना मुलाला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवा, तुम्ही बाजूच्या.